प्रोस्टेटचा कर्करोग: एक नाव, अनेक आजार

१९४१ साली दोन गोष्टी घडल्या. २८ फेब्रुवारीला मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. रक्ताच्या कर्करोगाने गेलेल्या मेहेरबाई टाटा यांच्या आठवणीतून हे काम उभे राहिले होते. त्याच वर्षी अमेरिकेत शिकागोला चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस या दोन डॉक्टरांनी एक निबंध छापला. प्रोस्टेटचा कर्करोग अंगभर पसरलेल्या रुग्णांचे वृषण काढले तर कर्करोग मागे हटतो, असे त्यात दाखवले होते. तेव्हा या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पुढे तो कसा जुळला आणि गोंदियासारख्या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसाशी त्याचे काय नाते आहे, ते या लेखात सांगायचे आहे.

आधी आजाराविषयी थोडेसे. प्रोस्टेट म्हणजे पुरःस्थ ग्रंथी. पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीला वेढून बसलेली अक्रोडाएवढी गाठ. वय वाढले की ती बहुतेकांची वाढते. लघवीला वारंवार जावे लागते, धार बारीक होते, थेंब थेंब गळते. यातल्या बहुसंख्यांना कर्करोग नसतो, नुसती वाढ असते. पण काहींना कर्करोग असतो आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. १८५३ साली लंडनचे सर्जन जॉन ॲडम्स यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून या कर्करोगाचे वर्णन केले, तेव्हा त्यांनी त्याला अत्यंत दुर्मीळ आजार म्हटले होते. हा प्रामुख्याने उतारवयाचा आजार, आणि तेव्हा माणसे त्या वयापर्यंत फारशी जगतच नव्हती. आज भारतातल्या मोठ्या शहरांत पुरुषांना होणाऱ्या प्रमुख कर्करोगांत त्याची गणना होते.

हगिन्स यांचे म्हणणे साधे होते. प्रोस्टेटच्या पेशी पुरुषी संप्रेरकावर जगतात. कर्करोग झाला तरी पेशींची ती भूक जात नाही. संप्रेरक तोडले की गाठ सुकते. हाडांच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेले रुग्ण काही दिवसांत उठून बसू लागले. शरीरातले एक रसायन कमी केले की कर्करोग आवरतो, हे इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदाच दिसले. त्यासाठी १९६६ साली हगिन्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण अडचणही लवकरच कळली. पसरलेल्या आजारात हा आराम बहुतेकांना काही महिने, कधी काही वर्षे पुरतो. मग संप्रेरक नसतानाही गाठ वाढू लागते. एकाला सहा महिने आराम आणि दुसऱ्याला सहा वर्षे, असे का? या प्रश्नाचे उत्तर मिळायला पुढची साठ वर्षे लागली.

आता मुंबईकडे येऊ. टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळांची जबाबदारी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. खानोलकरांनी एक गोष्ट मनावर घेतली. युरोपातल्या पुस्तकांत लिहिलेला कर्करोग आणि आपल्याकडे वॉर्डात दिसणारा कर्करोग सारखा नाही. १९४५ साली त्यांनी लोकांच्या चालीरीती आणि कर्करोग यांचे नाते दाखवणारा निबंध छापला. कमरेला वर्षानुवर्षे घट्ट बांधलेल्या धोतराच्या काचाने होणारा त्वचेचा कर्करोग त्यात होता, तंबाखू-चुन्याने होणारा ओठाचा कर्करोगही होता. कोण माणूस, कुठला, काय खातो, काय नेसतो, हे विचारल्याशिवाय रोग कळत नाही, ही दृष्टी त्यांनी इथे रुजवली. १९५२ साली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झाले, त्याचे ते पहिले संचालक.

त्यांच्याच हाताखाली पुण्याच्या कमल समर्थ, म्हणजे पुढच्या डॉ. कमल रणदिवे, तयार झाल्या. १९४९ साली त्यांनी पीएच.डी. केली. पुढे त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी बशीत वाढवायचे तंत्र शिकून आल्या आणि मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. संप्रेरके आणि कर्करोग हा त्यांच्या संशोधनाचा एक मोठा विषय होता, मुख्यतः स्तनाच्या कर्करोगाबाबत. आज प्रोस्टेटच्या कर्करोगाविषयी जे कळले आहे, त्याचा मोठा भाग अशाच बशीत वाढवलेल्या पेशींवर कळला आहे. अमेरिकेत १९७७ मध्ये एका रुग्णाच्या लसिका ग्रंथीत पसरलेल्या गाठीतून एक पेशीवंश निघाला, पुढे दुसऱ्या एका रुग्णाच्या मणक्यातल्या गाठीतून आणखी एक. त्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत.

मोजदादीचे कामही मुंबईतच सुरू झाले. डॉ. जुस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत कर्करोगाची नोंदणी सुरू केली. शहरात राहणाऱ्या कुणालाही कर्करोग झाला की त्याची नोंद व्हायची, मग तो कुठल्याही दवाखान्यात गेलेला असो. देशातली ही अशी पहिली नोंदणी. पुढे पुणे, औरंगाबाद आणि १९८० साली नागपूर इथे तिच्या शाखा निघाल्या. पण नागपूरच्या वहीत नागपूरकर येतात. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा, सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावची माणसे, या वहीत नाहीत. आपला माणूस उपचाराला नागपूरला किंवा विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला जातो, तेव्हा तो दवाखान्याच्या कागदावर येतो. जिल्ह्याचा आकडा मात्र तयार होत नाही.

आता त्या साठ वर्षे रेंगाळलेल्या प्रश्नाचे उत्तर. त्यासाठी जनुक-अभिव्यक्ती म्हणजे काय ते समजून घ्यावे लागेल. आपल्या प्रत्येक पेशीत जवळपास सारखीच जनुके असतात. डोळ्याची पेशी आणि हाडाची पेशी वेगळी का? कारण कुठले जनुक चालू आणि कुठले बंद, किती चालू आणि केव्हा बंद, हे प्रत्येक पेशीत वेगळे असते. चालू जनुकापासून पेशी प्रथिन बनवते. या चालू-बंदलाच अभिव्यक्ती म्हणतात.

आपल्या भागातले माजी मालगुजारी तलाव डोळ्यांपुढे आणा. तलावात पाणी सर्वांसाठी एकच. पण तुडुम किती उघडायचा, पाट कुठे वळवायचा, कुठल्या बांधीला किती पाणी द्यायचे, यावर पीक ठरते. पाणी तेच असूनही एका बांधीत धान डोलते आणि दुसरीत सडते. जनुकांचे असेच आहे. जनुक मुळात बिघडलेलेच असेल असे नाही. त्याचा तुडुम भलत्या वेळी, भलत्या प्रमाणात उघडला तरी पुरे.

प्रोस्टेटमध्ये हे तुडुम उघडणारा मुख्य हात पुरुषी संप्रेरकाचा. संप्रेरक पेशीत शिरते, तिथल्या एका ग्राहक प्रथिनाला चिकटते आणि हे प्रथिन जनुकांपाशी जाऊन त्यांना चालू करते. या ग्राहकाचे जनुक १९८८ साली हाती लागले. रक्ताची पीएसए तपासणी अनेकांनी ऐकली असेल. पीएसए हे अशाच एका संप्रेरकावर चालणाऱ्या जनुकाचे प्रथिन. रक्तात ते किती आले ते मोजायचे, म्हणजे प्रोस्टेटमधला एक तुडुम किती उघडा आहे ते बाहेरून पाहायचे. अमेरिकेत १९८६ साली आजारावर लक्ष ठेवण्यासाठी आणि १९९४ साली निदानाला मदत म्हणून ही तपासणी मान्य झाली. मात्र साधी वाढ झाली किंवा जंतुसंसर्ग झाला तरीही पीएसए वाढते. म्हणून एका आकड्यावरून घाबरूनही चालत नाही आणि निर्धास्त राहूनही चालत नाही.

नव्वदीच्या दशकात एकाच वेळी हजारो जनुकांची अभिव्यक्ती मोजता येऊ लागली. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात डॉ. अरुल चिन्नैयन यांच्या गटाने प्रोस्टेटच्या गाठी अशा वाचायला घेतल्या. २००२ साली त्यांनी ईझेडएच२ नावाचे जनुक समोर आणले. हे जनुक इतर जनुकांचे तुडुम बंद करणाऱ्या यंत्रणेचा भाग आहे. ज्या गाठी शरीरभर पसरल्या होत्या, त्यांत ते जास्त चालू होते. आणि आजार ग्रंथीपुरताच असतानाही ज्यांच्या गाठीत ते जास्त चालू होते, त्यांचा आजार पुढे बळावण्याची शक्यता अधिक दिसली. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या दोन गाठी आतून वेगळ्या असतात, हे इथे दिसले.

२००५ सालचा शोध आणखी मोठा. तोवर संशोधक निरोगी आणि कर्करोगी पेशींच्या सरासऱ्या काढून तुलना करत. या गटाने सरासरीच बाजूला ठेवली. गावातल्या दहा शेतकऱ्यांपैकी दोघांच्या बांधीत कमरेएवढे पाणी तुंबले आणि आठांकडे सारे ठीक असले, तर गावाची सरासरी काढून काही कळत नाही. त्या दोघांच्या शेतावर जाऊनच पाहावे लागते. मग त्यांनी अशी जनुके शोधली जी सर्व रुग्णांत थोडी नव्हे, तर काही रुग्णांत प्रचंड चालू आहेत. ईआरजी हे त्यांपैकी एक. ते इतके चालू का, म्हणून तपासले तेव्हा दिसले की गुणसूत्र तुटून भलतेच जुळले आहे. टीएमपीआरएसएस२ या जनुकाचा चालू करणारा भाग ईआरजीच्या पुढे येऊन चिकटला होता. दोन्ही जनुके एकविसाव्या गुणसूत्रावरची, मधे सुमारे तीस लाख अक्षरांचे अंतर. टीएमपीआरएसएस२ संप्रेरकावर चालते. म्हणजे धुरा फुटला आणि एका बांधीचे पाणी दुसऱ्या बांधीत शिरले. संप्रेरक येताच ईआरजी धो धो चालू. कोरोनाच्या काळात टीएमपीआरएसएस२ हे नाव पुन्हा बातम्यांत आले. विषाणूला पेशीत शिरायला मदत करणारे प्रथिन याच जनुकाचे आहे.

युरोपीय वंशाच्या रुग्णांत हा जोड जवळपास निम्म्या गाठींत सापडतो. आफ्रिकी-अमेरिकी रुग्णांत कमी, चीन-जपानच्या रुग्णांत बहुतेक अभ्यासांत आणखी कमी. इथे खानोलकरांची आठवण येते. कोण माणूस, कुठला, हा प्रश्न जनुकांच्या काळातही संपलेला नाही. बाहेरच्या देशांत तयार झालेल्या जनुक-चाचण्या तिथल्या रुग्णांवर बेतलेल्या आहेत. आपल्या लोकांच्या गाठी वाचल्याशिवाय त्या इथे किती लागू पडतात हे कळणार नाही.

हे वाचायचे काम भारतात सुरू करणाऱ्यांत एक नाव डॉ. बुशरा अतीक यांचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात त्यांचे शिक्षण आणि पीएच.डी. झाली. मग कॅनडात मॅकगिल विद्यापीठ आणि त्यानंतर मिशिगनला चिन्नैयन यांचा गट. तिथे त्यांनी स्पिंक१ या जनुकावर काम केले. ज्यांच्या गाठीत ईआरजीचा जोड नसतो, अशांपैकी काहींमध्ये हे जनुक फार चालू असते. साधारण दहा रुग्णांतला एक असा, आणि त्याचा आजार बऱ्याचदा आडमुठा. २०११ साली त्यांनी दाखवले की स्पिंक१चे प्रथिन प्रतिपिंडाने अडवले तर उंदरांमधल्या अशा गाठींची वाढ मंदावते. पुढे त्या आयआयटी कानपूरला आल्या, उत्तर भारतातल्या रुग्णांच्या गाठी तपासणाऱ्या संशोधनात सहभागी झाल्या आणि २०२० साली वैद्यकशास्त्रातील शांतिस्वरूप भटनागर पुरस्काराच्या मानकरी ठरल्या.

त्याच वर्षी त्यांच्या प्रयोगशाळेने छापलेला निबंध हगिन्स यांच्या काळापासून चालत आलेल्या कोड्याचा एक धागा सोडवतो. पुरुषी संप्रेरकाचा ग्राहक काही जनुके चालू करतो, तसा काहींना दाबूनही ठेवतो. स्पिंक१ हे दाबून ठेवलेल्यांपैकी. औषधाने संप्रेरक तोडले की वाढीचे तुडुम बंद होतात, पण त्याबरोबर स्पिंक१वरचा दाबही उठतो. ते चालू होते आणि पेशी आपली ओळख बदलू लागते. ती प्रोस्टेटच्या पेशीसारखी न राहता मज्जासंस्थेशी नाते सांगणाऱ्या पेशींसारखी होते, जिला संप्रेरकाची गरजच उरत नाही. म्हणजे जो इलाज प्राण वाचवतो, तोच काही रुग्णांत पुढच्या आजाराला वाट करून देऊ शकतो. याचा अर्थ इलाज घेऊ नये असा मुळीच नाही. आजही पसरलेल्या आजारावरचा तो मुख्य आधार आहे. कुठल्या रुग्णाला त्याच्याबरोबर आणखी काय द्यावे लागेल, हे आता विचारता येते, एवढाच याचा अर्थ.

पसरण्याविषयी एक गोष्ट शेतकऱ्याला लगेच कळेल. १८८९ साली स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जनने स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास करून लिहिले की कर्करोगाच्या पेशी बियाण्यासारख्या चहूकडे जातात, पण रुजतात ते मानवणाऱ्या जमिनीतच. प्रोस्टेटच्या कर्करोगाला मानवणारी जमीन म्हणजे हाड. मणका, कंबर, मांडीचे हाड. तिथे पोचलेल्या पेशी हाडाच्या पेशींशी रसायनांची देवाणघेवाण करतात, त्यांची जनुके चालू-बंद करतात आणि स्वतःचीही बदलतात. म्हणूनच या आजाराची पहिली खूण कित्येकदा लघवीत नव्हे, कंबरदुखीत दिसते. धानाच्या रोवणीत आयुष्य गेलेल्या माणसाची कंबर दुखली तर कुणाला नवल वाटत नाही. मालिश होते, गोळ्या होतात, आणि काही महिने निघून जातात.

आपल्या समाजापुरते आणखी दोन शब्द. लघवी थेंब थेंब गळत असेल तर वुजू टिकत नाही, म्हणून कित्येक बुजुर्ग मशिदीत जायचे सोडतात. फिकहमध्ये अशा माणसाला माजूर मानून सवलत दिली आहे. सवलतीने नमाजची अडचण सुटते, आजार मात्र तपासायचा राहतो. ज्याला ही सवलत घ्यायची वेळ आली, त्याने एकदा डॉक्टरकडेही जावे. दुसरी गोष्ट शस्त्रक्रियेची. हगिन्स यांचा इलाज आता इंजेक्शनानेही होतो, पण ती वर्षानुवर्षे घ्यावी लागतात आणि खर्च येतो. शस्त्रक्रिया एकदाच आणि स्वस्त. म्हणून गरीब रुग्णाला अजूनही ती सुचवली जाते. आपल्याकडे खस्सी हा शब्द बकऱ्यासाठी वापरतात. तो स्वतःबद्दल ऐकायची कल्पनाच माणसाला इतकी असह्य होते की तो इलाज अर्धवट सोडून गावी परततो, किंवा घरात हर्नियाचे ऑपरेशन झाले म्हणून सांगतो. जीव वाचवण्यासाठी केलेला इलाज हा इलाजच असतो. जरूरत असेल तिथे मनाई उठते, हे आपल्याला नव्याने शिकायची गरज नाही.

मुसलमानांच्या वैद्यकाचा इतिहास सांगताना आपण इब्न सीना आणि अल-जहरावीपाशी सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतो. त्यांचा अभिमान जरूर असावा. पण बुशरा अतीक यांचे नाव आपल्या किती शाळांत मुलींना ठाऊक आहे? कमल रणदिवे यांचे किती मराठी शाळांत? या दोघींमध्ये अर्ध्या शतकाचे अंतर आहे आणि प्रश्नाची जात एकच: शरीरातल्या संप्रेरकांचे कर्करोगाशी नेमके काय नाते आहे?

गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जनुक वाचणारी यंत्रे इथे उद्याच येतील असे नाही. पण त्याआधीची एक पायरी यंत्राशिवाय चढता येते. आठही तालुक्यांत कर्करोग कुणाला झाला, कुठला झाला, किती उशिरा कळला, याची नोंद ठेवता येते. मुंबईने ती १९६३ साली वहीवर सुरू केली होती. जो जिल्हा त्या वहीत नाही, त्याच्या गाठींचे नमुनेही उद्याच्या संशोधनात नसतील, आणि त्या संशोधनातून निघणारी औषधे दुसऱ्या कुणाच्या शरीराचे माप घेऊन आलेली असतील. तोवर घरातल्या साठीपुढच्या माणसाला लघवीचा त्रास असेल किंवा कंबर दुखणे थांबत नसेल, तर त्याला लाजेतून बाहेर काढून दवाखान्यात नेणे एवढे आपल्या हातात आहे.